मस्करी कुठवर, कुस्करी कुठून?



आज आपण एका अमेरिकन सिनेमाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाचे हप्ते, शेळ्यांचा विमा, पोरांच्या फीचा विषय निघतो, तिथे हा सिनेमा कशाला? सांगते. हा सिनेमा घरापासून लांब, कॉलेजच्या गावी एकत्र राहणाऱ्या मुलांचा आहे. आणि आपल्यातल्या कितीतरी जणींची लेकरं आज तालुक्याला, जिल्ह्याला, पुण्या-नाशिकला होस्टेलात राहतात. रात्री तिथे जे हसणं-खिदळणं चालतं, त्यातलं निव्वळ गमतीचं किती आणि कुणाच्या जिवाला लागणारं किती, हे आपल्याला घरी बसून दिसत नाही. या सिनेमात दोन्ही आहे, एकाच ताटात वाढलेलं. म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

सिनेमाचं नाव 'ॲनिमल हाऊस'. म्हणजे सरळ मराठीत जनावरांचं घर, गोठाच म्हणा ना! तो १९७८ साली आला. जॉन लँडिस हे त्याचे दिग्दर्शक. त्याला पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी अमेरिकेत लोक तो पाहतात, त्यातले प्रसंग एकमेकांना सांगून हसतात. २००१ साली तिथल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. देशाने जतन करून ठेवावेत असे सिनेमे त्या नोंदवहीत घेतात. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांच्या सिनेमाला एवढा मान का मिळाला असेल?

त्यासाठी आधी तिथली एक पद्धत समजून घेऊ. अमेरिकेतल्या कॉलेजांत विद्यार्थ्यांची मंडळं असतात. मुलांच्या मंडळाला 'फ्रॅटर्निटी' म्हणतात. लॅटिन भाषेत 'फ्रातेर' म्हणजे भाऊ, त्यावरून हा शब्द आला. मुलींच्या मंडळाला 'सोरोरिटी' म्हणतात, बहिणींचं मंडळ. मंडळांची नावं ग्रीक अक्षरांवरून ठेवतात. अशा ग्रीक अक्षरांच्या नावाचं पहिलं मंडळ १७७६ साली निघालं, म्हणजे अमेरिका स्वतंत्र झाली त्याच वर्षी. बहुतेक मंडळांचं स्वतःचं घर असतं आणि सभासद तिथे एकत्र राहतात. कुणाला आत घ्यायचं हे जुने सभासद ठरवतात. घेताना नव्या मुलाची परीक्षा घेतात. पुढे नोकरीत, धंद्यात, राजकारणात ही ओळख कामी येते. म्हणून मोठ्या घरच्या मुलांची मंडळं वेगळी, आणि उरलेल्यांची वेगळी.

सिनेमाची गोष्ट १९६२ सालात घडते. फेबर नावाचं एक काल्पनिक कॉलेज आहे. तिथे दोन मंडळं. ओमेगा मंडळ श्रीमंत, टापटीप, कॉलेजच्या साहेबांच्या मर्जीतलं. डेल्टा मंडळ म्हणजे सगळ्यांनी नाकारलेल्यांचा अड्डा. घर मोडकळीला आलेलं, अभ्यासाच्या नावाने शंख. त्यांच्यातला ब्लूटो सात वर्षं कॉलेजात आहे आणि त्याचे गुण शून्य पूर्णांक शून्य!

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. लॅरी आणि केंट ही दोन नवी मुलं ओमेगाच्या मेजवानीला जातात. दारात हसून स्वागत होतं, आणि मग त्यांना अलगद एका कोपऱ्यात नेऊन बसवतात. त्या कोपऱ्यात आधीच कोण बसलंय? एक चाकाच्या खुर्चीतला मुलगा, एक आंधळा, आणि परदेशातून आलेले दोघे. त्यातल्या एकाचं नाव महंमद आणि दुसऱ्याचं जगदीश. हो, आपला जगदीश! अपमानाचा एक शब्द कुणी बोलत नाही. फक्त कोपरा दाखवतात. लग्नकार्यात आपल्याला कुठल्या पंगतीला बसवलं यावरून आपली किंमत कळण्याचा अनुभव ज्या बाईने घेतलाय, तिला हा प्रसंग समजायला इंग्रजी यायची गरज नाही.

शेवटी त्या दोघांना डेल्टावाले घेतात. इकडे कॉलेजचे डीन, म्हणजे आपल्या प्राचार्यांसारखे मुख्य अधिकारी, डेल्टा मंडळ बंद करायला टपलेले असतात. ते मंडळावर एक ताकीद लावतात, आणि ती गुप्त असते. साधी गुप्तही नाही, दुहेरी गुप्त. ज्याला शिक्षा झाली त्यालाच पत्ता नाही! अमेरिकेत हा शब्द आता बोलीत गेलाय. एखाद्या कचेरीने कुणालाही न सांगता नियम केला आणि मग तो मोडला म्हणून धरलं, की लोक ही दुहेरी गुप्त ताकीद आठवतात. कागद पुरा असूनही 'नियम बदललाय' हे खिडकीवर गेल्यावरच जिला कळलं, ती बाई इथे नक्की हसेल.

पुढे काय होतं? जेवणाच्या खोलीत अन्नाची फेकाफेक होते. चादरी अंगाला गुंडाळून, जुन्या रोमन लोकांचं सोंग घेऊन रात्रभर नाचगाणं होतं. परीक्षेची उत्तरं कचऱ्यातून चोरतात, पण ती ओमेगावाल्यांनी मुद्दाम टाकलेली खोटी उत्तरं निघतात आणि सगळे नापास होतात. डीन मंडळ बंद करतात, मुलांना काढून टाकतात. वर सांगतात की, तुमची नावं सैन्यभरती मंडळाला कळवली आहेत. मग काढून टाकलेली ही पोरं गावच्या मिरवणुकीत घुसतात आणि डीन, नगराध्यक्ष, ओमेगावाले अशा सगळ्या मानकऱ्यांची दाणादाण उडवतात. एवढीच गोष्ट.

आता एवढ्या गोष्टीत लोकांना इतकं काय आवडलं? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण काळाचं. १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, निक्सन यांना, वॉटरगेट प्रकरणात राजीनामा द्यावा लागला होता. १९७५ साली व्हिएतनामचं युद्ध संपलं होतं. त्यात हजारो अमेरिकन तरुण मेले होते, आणि व्हिएतनामी माणसं तर लाखोंनी. मोठी माणसं आपल्याशी खोटं बोलली, असं तिथल्या तरुणांना वाटत होतं. अशा वेळी सिनेमात टापटीप कपड्यांतले, तोंडात शिस्तीची भाषा असणारे लोक आतून लबाड निघतात. शेवटी पडद्यावर पाट्या येतात, कोण पुढे काय झालं ते सांगणाऱ्या. ओमेगाचा अध्यक्ष निक्सन यांचा सहायक होतो आणि तुरुंगात जातो. नव्या मुलांना छळणारा, लष्करी तोऱ्यातला मुलगा व्हिएतनामात स्वतःच्याच सैनिकांच्या गोळीने मरतो. आणि शून्य गुणांचा ब्लूटो? तो थेट खासदार होतो! प्रेक्षक हसले, कारण राजकारणाबद्दल त्यांच्या मनात तेच होतं.

दुसरं कारण करणाऱ्यांचं कसब. सिनेमा स्वस्तात झाला. खर्च तीस लाख डॉलरच्या आसपास, आणि तिकीटबारीवर जमले चौदा कोटींच्या वर. आपल्या गटाच्या हिशेबात सांगायचं तर एक रुपया लावला आणि गल्ल्यात पंचेचाळीसच्या वर आले. प्राध्यापकाचं छोटं काम करणारे डोनाल्ड सदरलँड यांनी मात्र नफ्यात वाटा घेण्याऐवजी ठरावीक रक्कम घेतली. सिनेमा चालणार नाही असं त्यांना वाटलं, आणि मोठ्या पैशाला ते मुकले. ब्लूटोचं काम केलं जॉन बेलुशी यांनी. त्यांना बोलायला फार थोडी वाक्यं आहेत. सगळं काम भुवया आणि डोळे करतात. आणखी एक गंमत म्हणजे संगीत. एल्मर बर्नस्टीन यांनी याआधी मोठमोठ्या गंभीर सिनेमांना संगीत दिलं होतं. इथेही त्यांनी गंभीर सिनेमाला शोभेल असंच संगीत दिलं. पडद्यावर पोरं माती खातायत आणि मागे वाजतंय वीरांचं संगीत! तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या चेहरा सरळ ठेवून बोलतो, म्हणून तर आपल्याला जास्त हसू येतं. तशीच ही युक्ती.

तिसरं कारण सगळ्यांत खोल आहे, आणि ते फक्त अमेरिकेचं नाही. मोठ्या माणसाची फजिती पाहून लहान माणसाला बळ येतं. १९७१ साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला तेव्हा आपल्याकडे लोक का लोटले? भोळा-भाबडा खेड्यातला माणूस पडद्याच्या मधोमध उभा राहिला म्हणून. शिमग्याला एरवी ज्यांच्यापुढे मान खाली असते त्यांच्या नावाने बोंब मारता येते. आणि आपल्या बायकांचं काय? भोंडल्याची, मंगळागौरीची गाणी आठवा. सासू, सासरा, नणंद, कुणाला सोडतो आपण? वर्षभर जे गिळून टाकलं ते त्या रात्री फेर धरून, टाळ्या वाजवून बाहेर काढतो. सकाळी पुन्हा चूल पेटवतो, पण मन हलकं झालेलं असतं. 'ॲनिमल हाऊस' तिथल्या पोरांसाठी असाच एक शिमगा आहे. म्हणून तो टिकला. 'दुनियादारी' सिनेमातली कट्ट्यावरची टोळी आपल्या पोरांना आवडते, त्यामागेही हीच ओढ आहे. आपल्याला कुणी विचारत नाही, पण आपण एकमेकांचे आहोत.

इथपर्यंत सगळं छान. पण ताटातला दुसरा पदार्थही बघायला हवा.

डीनचं हसं होतं तेव्हा डीनचं काय बिघडतं? त्यांच्याकडे खुर्ची आहे, अधिकार आहे. पण याच सिनेमात असेही विनोद आहेत जिथे पडणारा माणूस आधीच खाली आहे. ब्लूटो शिडी लावून मुलींच्या खोलीत चोरून बघतो, आणि मग प्रेक्षकांकडे वळून भुवई उडवतो. म्हणजे आपल्यालाही त्यात सामील करून घेतो. त्या खोलीतल्या मुलीला मात्र कुणी विचारलेलं नाही. ऑटर नावाचा मुलगा वर्तमानपत्रात एका मुलीच्या मृत्यूची बातमी वाचतो, आपण तिचा होणारा नवरा होतो असं खोटं सांगतो आणि तिच्या मैत्रिणीच्या दुःखाचा फायदा घेतो. लॅरी नगराध्यक्षांच्या मुलीच्या मागे असतो, आणि ती फक्त तेरा वर्षांची आहे हे पुढे कळतं. तेही सिनेमा हसण्यावारी नेतो. आज ते पाहताना हसू घशातच अडकतं. बायका या गोष्टीत जागोजागी आहेत, पण गोष्ट त्यांची नाही. त्यातल्या त्यात केटी ही मुलगी आपल्या मित्राला तोंडावर विचारते की, तू मोठा कधी होणार? तेवढीच एक शहाणी, आणि ती बाजूला पडते.

काळ्या माणसांचंही तसंच. पार्टीत गाणं-बजावणं करायला काळे कलाकार आहेत. पुढे ही गोरी मुलं काळ्या लोकांच्या नाचगाण्याच्या ठिकाणी जातात, घाबरतात आणि सोबत आणलेल्या मुलींना तिथेच टाकून पळ काढतात. ज्या १९६२ सालची ही गोष्ट, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेम्स मेरेडिथ या काळ्या तरुणाला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेता यावा म्हणून अमेरिकेच्या सरकारला सैन्य पाठवावं लागलं होतं. त्या काळी कॉलेजच्या दारात खरी लढाई कुणाची चालली होती, ते सिनेमाच्या गावीही नाही.

आणि तो घोडा! केंटला छळणाऱ्या मुलाचा घोडा ही मंडळी रात्री डीनच्या कचेरीत नेऊन बांधतात. केंटच्या हातात बंदूक देतात. आत नुसताच बार भरलेला, गोळी नाही. थोडं घाबरवायचं, एवढाच बेत. बार उडतो आणि घोडा छाती बंद पडून जागीच मरतो. गोळी नव्हती, मारायचं कुणाच्या मनात नव्हतं, आणि जीव गेला. मस्करीची कुस्करी होते म्हणजे काय, ते या एका प्रसंगात दिसतं. सिनेमा तिथेही हसतो. आपण थांबायचं.

कारण पडद्याबाहेर घोड्याच्या जागी माणूस असतो. सिनेमात ओमेगावाले अंधाऱ्या खोलीत नव्या मुलाला ओणवं करून फळीने मारतात, आणि प्रत्येक फटक्यानंतर त्याने आभार मानून आणखी एक मागायचा असतो. हे नुसतं लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. सिनेमाच्या तीन लेखकांपैकी ख्रिस मिलर हे डार्टमथ कॉलेजात शिकले होते. तिथल्या अल्फा डेल्टा मंडळातले त्यांचे अनुभव या सिनेमात उतरले आहेत. त्याच अल्फा डेल्टाची मान्यता डार्टमथने २०१५ साली काढून घेतली. नव्या सभासदांच्या अंगावर तापलेल्या लोखंडाने डाग दिल्याचं उघड झालं होतं. गुरांना डागतात तसे डाग! जनावरांचं घर हे नाव थट्टेत ठेवलेलं, ते असं खरं झालं.

२०१७ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका मोठ्या विद्यापीठात १९ वर्षांच्या मुलाला मंडळात घेताना भरमसाट दारू पाजली. तो जिन्यावरून पडला. घरात माणसं होती, पण मदत बोलवायला सकाळ उजाडली. मंडळाचं नाव खराब होईल अशी भीती, आणि 'झोपला की उतरेल' हा समज. तो मुलगा वाचला नाही. त्यानंतर त्या राज्याने कायदा कडक केला. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या केंद्र सरकारनेही कायदा केला. अशा छळाचे प्रकार आता कॉलेजांना जाहीर करावे लागतात. आणि ज्याने ब्लूटो होऊन जगाला हसवलं, ते जॉन बेलुशी? १९८२ साली अमली पदार्थांच्या अतिसेवनाने गेले. वय ३३. पडद्यावरची नशा दुसऱ्या दिवशी उतरते. खऱ्या आयुष्यात तसं नेहमी होत नाही.

आपल्याकडे या छळाला रॅगिंग म्हणतात. 'थ्री इडियट्स'मध्ये होस्टेलात नव्या मुलांना कपडे काढायला लावतात तो प्रसंग आपण हसत पाहिलाय. तिथे नायक हुशार आहे, तो युक्तीने सुटतो. आपलं लेकरू तेवढं धीट असेलच असं नाही, आणि त्याने असायलाच हवं असंही नाही. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा.

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा सिद्ध झाला तर कॉलेजातून काढतात, आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. त्याने दुर्लक्ष केलं तर तोही गुन्ह्याला मदत केल्याच्या दोषात येतो. २००९ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात रॅगिंगविरोधी समिती हवी. प्रवेशाच्या वेळी मुलाकडून आणि पालकाकडून हमीपत्र घेतात. कागदांच्या गठ्ठ्यात तेही येतं आणि आपण न वाचता सही किंवा अंगठा करून मोकळ्या होतो. यापुढे ते वाचा, वाचून घ्या. मुलाला शेजारी बसवून वाचा. कारण आपलं लेकरू छळ सोसणारंच असेल असं नाही, दुसऱ्या वर्षी ते छळ करणाऱ्यांतही असू शकतं. देशभरासाठी चोवीस तास चालणारी मोफत मदतवाहिनी आहे: १८००-१८०-५५२२. हा आकडा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मग हा सिनेमा पाहावा की नाही? लहान पोरांबरोबर बसून पाहण्यासारखा तो नाही. शिव्या, दारू, उघडीवाघडी दृश्यं भरपूर आहेत. पण कॉलेजातल्या मुलाने-मुलीने तो पाहिला तर घाबरायचं कारण नाही. विचारायचं, कुठे हसलास? डीन पडले तेव्हा हसलास, तर मीही हसते. शिडीवरून डोकावला तेव्हा हसलास, तर जरा बस, बोलू. रागावून विचारलं तर उत्तर मिळणार नाही. जेवताना सहज विचारलं तर मिळेल.

आणि हे विचारणं आपल्या गटातही करून पाहू. पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा. आपण एकमेकींची थट्टा करतो. नव्याने आलेल्या सभासदाची, कमी शिकलेलीची, मूल नसलेलीची. त्यात कोणती थट्टा तिलाही हसवते आणि कोणत्या थट्टेनंतर ती पुढच्या बैठकीला येत नाही? विनोद ज्याच्यावर केला त्याला तो पुन्हा ऐकावासा वाटतो का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. सत्तेवर असलेल्याची जरूर फजिती करा. भोंडल्यात सासूला सोडू नका. फक्त कोपऱ्यात बसवलेल्या जगदीशला आपल्यामुळे आणखी कोपऱ्यात सरकावं लागू नये.

तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला पत्राने किंवा फोनवर नक्की कळवा. तोवर हसत राहा. नमस्कार.